उपवासाच्या ताटात कोण कुठून आलं?

पळसफूल (धागाकर्ती)

आषाढी तोंडावर आली की घरोघरी वाणसामानाची एकच यादी निघते. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटे, रताळी, हिरव्या मिरच्या, राजगिऱ्याचे लाडू, भगर. या यादीतल्या एकेका जिन्नसाचं मूळ गाव शोधत गेलं की भलतीच मजा येते. पहिले सहाच्या सहा जिन्नस अमेरिका खंडांतल्या पिकांचे आहेत. इथली म्हणावी अशी एकटी भगर.

कोलंबस अटलांटिक ओलांडून गेला १४९२ साली, वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ साली, गोवा पोर्तुगीजांनी घेतला १५१० साली. त्याआधी या सहांतलं काहीच आपल्याकडे नव्हतं. ज्ञानेश्वर माउलींचा काळ १२७५ ते १२९६. नामदेव महाराज १३५० पर्यंत होते. त्यांच्या दिंडीत चालणाऱ्या वारकऱ्यांनीही एकादशी धरलीच असणार, पण साबुदाण्याची खिचडी त्यांनी पाहिलीसुद्धा नव्हती. साबुदाणा, दाण्याचं कूट, बटाटा, मिरची हे सगळं काढून घेतलं तर त्या खिचडीत उरतं काय? तूप, जिरं आणि मीठ.

आता साबुदाण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण त्याची कथा सगळ्यांत रंजक आहे आणि त्यातला बराच भाग आपल्या आजी-आजोबांच्या हयातीतला आहे.

साबुदाणा मूळचा वेगळ्याच झाडाचा. न्यू गिनी, मोलुक्का बेटं, सारवाक या दलदलीच्या प्रदेशांत एक ताड होतो, त्याच्या खोडातला गाभा काढून, धुऊन पीठ मिळवतात. त्या पिठाचे दाणे मलाया-सिंगापूरहून बोटीने भारतात यायचे. १९४२ साली जपानने तो सगळा भाग घेतला आणि बोटी थांबल्या. त्याच सुमारास तमिळनाडूत सेलमच्या आसपास लोकांनी कसाव्याच्या कंदापासून दाणे करायला सुरुवात केली. कसावा मूळचा ब्राझीलकडचा. आज आपण खातो तो साबुदाणा म्हणजे कसाव्याचा निव्वळ स्टार्च. १९८१ पासून सेलमच्या कारखानदारांची सहकारी संस्था आहे, आणि २०२३ मध्ये सेलमच्या साबुदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

दाणा तयार कसा होतो तेही सांगते. कंद सोलून, धुऊन, बारीक दळतात. त्याचं पांढरं दूध गाळून टाक्यांमध्ये निवळत ठेवतात. खाली स्टार्चचा घट्ट थर बसतो. तो फोडून ओलसर पीठ करायचं आणि ते सतत हलवत राहायचं, म्हणजे पिठाचे कण एकमेकांना चिकटून आपोआप गोल होत जातात. पूर्वी हे कापडाच्या झोळीत दोघं जण दोन बाजूंनी धरून करायचे, आता यंत्रं आहेत. मग चाळणी, मग गरम तव्यावर भाजणं किंवा वाफवणं आणि शेवटी ऊन. म्हणजे साबुदाणा झाडावर किंवा वेलीवर कुठेच लागत नाही. शाळेतल्या मुलांना हे सांगून बघा, कोणाचाही विश्वास बसत नाही.

तुमच्या घरी, तुमच्या भागात उपवासाला काय चालतं, काय चालत नाही, तेही लिहा. मला ते सगळं एका जागी जमवायचं आहे.

गोदाकाठ

फार सुरेख धागा. भगरीबद्दल मी लिहितो, कारण आमच्या नाशिकची ती ओळख आहे. भगरीच्या गिरण्या इथे मोठ्या संख्येने आहेत आणि इथून माल राज्याबाहेरही जातो.

भगर म्हणजे वरी, वरई. सह्याद्रीच्या उतारावरच्या वरकस, म्हणजे हलक्या डोंगरी जमिनीत नाचणीच्या शेजारी पिकते. इगतपुरी, पेठ, सुरगाणा, अकोले, जव्हार या पट्ट्यात आदिवासी शेतकरी पावसाळ्यात तिची रोपं लावतात. दाणा अगदी बारीक, आणि त्यावरची टरफलं काढणं हे फार जिकिरीचं काम. पूर्वी बायका उखळात कांडायच्या, पुन्हा पाखडायच्या, पुन्हा कांडायच्या. पाव किलो भगर हातात यायला अख्खी सकाळ जायची. गिरण्या झाल्या तेव्हा कुठे ती शहरातल्या दुकानात पोचली.

आणि खरी गंमत पुढे आहे. वरी हे गवताच्या कुळातलं धान्य आहे, तांदूळ-गव्हासारखंच. तरी उपवासाला चालते. उलट राजगिरा गवताच्या कुळातला नाहीच, तो माठाच्या पालेभाजीचा सख्खा भाऊ.

सह्यकडा

माहिती उत्तम, पण एक शंका मनापासून विचारतो. शेंगदाणा तर द्विदल, म्हणजे तूर-मुगाच्या कुळातला. मग मुगाची डाळ मोडते उपवास आणि दाण्याचं कूट मोडत नाही, हे कसं? आमच्या आजीला विचारलं तर ती म्हणायची, "देवाला सगळं कळतं, तू गप खा." मला मात्र यामागचं कारण जाणून घ्यायचं आहे. आणि हेही सांगतो, माझी आषाढी-कार्तिकी कधी चुकत नाही. त्यामुळे हा प्रश्न टिंगलीचा नाही.

पळसफूल (धागाकर्ती)

@सह्यकडा, मला पटलेलं कारण सांगते. काय वर्ज्य ते घरोघरच्या रीतीत नावानिशी ठरलेलं होतं. तांदूळ, गहू, ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा. बाहेरून आलेल्या पिकांची नावं त्या यादीत असणार कुठून? दाणा आला, बटाटा आला, कसावा आला. ते वर्ज्य नव्हते, पोटभरीचे होते, स्वस्त होते, म्हणून त्यांना उपवासाच्या ताटात सहज जागा मिळाली. कुळ कोणी तपासलं नाही आणि तपासायचं कारणही नव्हतं. वांगं नेमकं उलटं. ते इथलंच जुनं, म्हणून चातुर्मासात वर्ज्य म्हणून त्याचं नाव आहे. बटाटा त्याच वांग्याच्या कुळातला, टोमॅटो आणि मिरचीही त्यातलेच, पण बटाट्यावर कोणाचा आक्षेप नाही.

याने श्रद्धेला काही बाधा येते असं मला वाटत नाही. व्रत करणाऱ्याने काय सोडायचं ते ठरवलं आणि ते पाळलं, यात व्रत आहे.

कृष्णाकाठचा शेतकरी

भुईमुगाचा विषय निघालाच आहे तर बटाट्या-रताळ्याच्या आधी त्याचं एक सांगतो. शेंग जमिनीत लागते म्हणून लोकांना तो कंद वाटतो. तसं नाही. पिवळं फूल वर पानांच्या बेचक्यात येतं. फूल सुकलं की तिथून दोऱ्यासारखी एक दांडी खाली वाकत येते आणि टोक मातीत शिरतं. तिला आम्ही आरी म्हणतो. मातीत शिरल्यावरच टोकाला शेंग धरते. जमीन कडक असली किंवा आरी वरच लोंबत राहिली तर शेंग नाही. म्हणून आऱ्या सुटायला लागल्या की आम्ही पिकावरून रिकामा ड्रम फिरवतो, फांद्या जमिनीला टेकतात आणि आऱ्या आत जातात. शहरातल्या माणसाला वाटतं पीक चिरडतोय. पण त्यानं शेंगा वाढतात.

आमच्याकडे शाबूची खिचडी, वर दाण्याची आमटी. दोन्हीत दाणा. तो नसता तर आमच्या भागाची एकादशी कशी झाली असती, खरंच सांगता येत नाही.

निळी शाई

बटाटा आणि रताळं दोन्ही जमिनीखालची, पण एक खोड आणि एक मूळ. बटाटा हे खोड, म्हणून त्याला डोळे असतात आणि डोळ्यांतून कोंब फुटतात. उजेडात राहिला तर हिरवा पडतो, असा बटाटा आणि त्याचे कोंब खाऊ नयेत, त्यात विषारी द्रव्य वाढतं. रताळं हे खरं मूळ, आणि त्याचं कुळ वांग्याचं नाही, बागेतल्या जांभळ्या कर्ण्यासारख्या फुलांच्या वेलीचं, म्हणजे गारवेलीचं. रताळ्याच्या वेलाला फूल आलं तर बघा, हुबेहूब.

शिवाय रताळं कोलंबसच्या आधीच प्रशांत महासागरातल्या बेटांवर पोचलं होतं. तिथल्या उत्खननांत त्याचे जुने अवशेष मिळाले आहेत. महाशिवरात्रीला आपण रताळ्याचा किस करतो, त्याच्या मागे एवढा प्रवास आहे.

लेगॉसकर

पळसफूलताई, नायजेरियातून लिहितोय. कसावा जगात सगळ्यांत जास्त याच देशात पिकतो. इथे त्याचा किस आंबवून, पिळून, भाजून गारी करतात. गरिबाच्या घरी तेच, श्रीमंताच्या घरीही तेच. पाण्यात भिजवून साखर-दाणे घालूनही खातात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला एकदम उपवासाचीच आठवण झाली, कसावा आणि शेंगदाणा एका वाडग्यात.

एक महत्त्वाची गोष्ट. कच्च्या कसाव्यात, विशेषतः कडू जातींमध्ये, सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. किसणं, भिजवणं, आंबवणं, पिळणं, भाजणं या सगळ्यांतून ते निघून जातं. साबुदाणा करताना स्टार्च धुऊन निघतो, त्यामुळे तिथे काळजीचं कारण राहत नाही. पण परसात कसावा लावला असेल तर कंद कच्चा चघळू नका, मुलांना तर अजिबात देऊ नका.

त्रिशूरची सून

मी मूळची डोंबिवलीची, सासर केरळचं. इथे कसाव्याला कप्पा म्हणतात. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी १८८०-८५ या त्यांच्या कारकिर्दीत त्याचा प्रसार केला, तांदूळ कमी पडला तर लोकांचं पोट भरावं म्हणून. आज कप्पा आणि माशाचं कालवण हे इथलं लाडकं जेवण आहे. उपवासाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

आणि एकादशीला इथे काय खातात? गहू! भात वर्ज्य, गहू चालतो. गुरुवायूरच्या एकादशीला मंदिरात प्रसादाच्या जेवणात गव्हाचा भात असतो. लग्नानंतरच्या पहिल्या एकादशीला सासूबाईंनी माझ्यापुढे गव्हाचा उपमा ठेवला आणि मी साबुदाणा भिजत घातलेला. आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. आता आमच्याकडे दोन्ही होतं, आणि सासूबाई खिचडी मागून घेतात.

पेठेतली मावशी

वाचनखूण साठवली. नातीच्या बबल टीमधले ते काळे गोळे म्हणजेही कसाव्याचाच स्टार्च, हे तिला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे हे उपवासाला चालेल?" तैवानात १९८०च्या दशकात निघालेलं पेय आहे ते.

वैद्यकशाखा

डॉक्टर म्हणून थोडं लिहिते, कारण आषाढी आणि नवरात्रानंतर दवाखान्यात ठरावीक तक्रारी येतात.

१०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ३५० कॅलरी आणि प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत. तेवढ्याच शेंगदाण्यात प्रथिनं २५ ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे खिचडीत कूट सढळ हाताने घालणारी आजी आहारशास्त्राच्या दृष्टीने अगदी बरोबर होती. पण त्यातच बटाटा, वर साबुदाणा वडा, वर गोड शिरा, मग "एकादशी अन् दुप्पट खाशी" हे अक्षरशः खरं होतं. मधुमेह असेल तर साबुदाणा आणि बटाटा मिळून साखर झपाट्याने वाढते. उलट, काहीच न खाता इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेतल्या तर साखर धोकादायक खाली जाते. उपवास धरायचा असेल तर औषधाची वेळ आणि मात्रा आधी आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. मनाने गोळी बंद करू नका, मनाने चालूही ठेवू नका. ही विनंती मी दर वर्षी करते आणि करत राहीन.

सैंधवाबद्दलही विचारतात. सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. रक्तदाब असलेल्यांनी ते "हलकं" समजून जास्त घेऊ नये. आणि त्यात आयोडीन घातलेलं नसतं, त्यामुळे रोजच्या स्वयंपाकातलं आयोडीनयुक्त मीठ बदलून सैंधव आणू नका.

सह्यकडा

धन्यवाद डॉक्टर. सैंधवाचं मूळ गावही सांगतो. पाकिस्तानच्या पंजाबात झेलम जिल्ह्यात खेवड्याची खाण आहे. ५० कोटी वर्षांहून जुना समुद्र आटून साचलेलं मीठ. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या तेही समुद्राचंच, फक्त फार जुन्या. मे २०२५ पासून पाकिस्तानातून आयात बंद आहे. आपल्याकडे हिमाचलात मंडीजवळही खनिज मीठ निघतं.

तलावकाठ

कोणी शिंगाड्याबद्दल लिहीलच म्हणून थांबलो होतो. भंडारा-गोंदियाकडे या, आमच्या जुन्या मालगुजारी तलावांत शिंगाडा होतो. पाण्यावर तरंगणारा वेल, पानं चौकोनी-तिकोनी, चकतीसारखी पसरलेली. ढिवर समाजाचे लोक पाण्यात उतरून किंवा डोंग्यात बसून एकेक वेल उलटा करतात आणि खालची शिंगं असलेली फळं तोडतात. काटा हाताला टोचतो, पाणी थंड असतं. ताजा शिंगाडा दिवाळीच्या सुमारास बाजारात उकडून मिळतो, काळा हिरवा, आतून पांढरा गर. वाळवून दळला की ते उपवासाचं पीठ. हा इथलाच आहे, फार जुना आहे, आणि याच्यामागचे कष्ट कोणी बघत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं.

मेक्सिकोमुक्कामी

राजगिऱ्याचं राहिलं होतं. कामानिमित्त मेक्सिकोत आहे. रस्त्यावर विकायला येते ती राजगिऱ्याच्या लाह्यांची वडी, मधात किंवा उसाच्या कच्च्या गुळात बांधलेली, वर शेंगदाणे आणि भोपळ्याच्या बिया. नाव आलेग्रिया. आपल्या चिक्कीची जुळी बहीण. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

अॅझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ती घडवायचे आणि विधीनंतर तो प्रसाद वाटून खायचे. स्पॅनिश आले, त्यांनी ते मूर्तिपूजा म्हणून दडपलं आणि राजगिऱ्याचं पीकही मागे पडलं. मेक्सिकोत देवाचं म्हणून ज्याच्यावर संक्रांत आली, ते धान्य भारतात येऊन पुन्हा देवाच्याच दिवशी खाल्लं जातं. मला ही या धाग्यातली सगळ्यांत मोठी गोष्ट वाटते.

गोदाकाठ

+१. अंगावर काटा आला वाचून.

रत्नागिरीची रेवा

आमच्या ऋषिपंचमीच्या भाजीचं सांगते. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही हा नियम, म्हणून परसातल्या भाज्या. अळू, सुरण, पडवळ, शिराळी, भेंडी, लाल भोपळा, मक्याची कणसं. यात अळू, सुरण, पडवळ, शिराळी ही आपली जुनी मंडळी. भेंडी आफ्रिकेची, लाल भोपळा आणि मका अमेरिकेचे. पण चव लागते ती सगळी एकत्र शिजली की. फोडणी नाही, मसाला नाही, हळद नाही. लोणी, मीठ, मिरची, ओलं खोबरं. सुरण घालणार असाल तर चिंच किंवा आमसूल लागतंच, सुरणात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्यांनी घसा खाजतो.

पळसफूल (धागाकर्ती)

किती मोलाचं लिहिलंत सगळ्यांनी. हा धागा सुरू करताना मनात एक इच्छा होती, ती आता लिहिते. वर्षातल्या एका तरी एकादशीला ताट असं करावं की जे नामदेव महाराजांच्या काळीही होऊ शकलं असतं. साबुदाण्याचा राग नाही, तो मला फार आवडतो. पण भगर, शिंगाडा, सुरण हे मागे पडत चालले आहेत आणि ते पिकवणारे हातही.

हौशी

ताई, मी करणार. पण मिरची आणि दाणे दोन्ही नाहीत म्हटल्यावर भगरीबरोबर आमटी कशाची? आणि माझी भगर दर वेळी लगदा होते.

रत्नागिरीची रेवा

@हौशी, मी सांगते.

भगर दोनदा धुवा, निथळा, थोड्या तुपावर जिरं घालून खमंग वास येईपर्यंत परता. एक वाटीला अडीच वाट्या कढत पाणी, मीठ, झाकण, मंद आच. पाणी आटलं की गॅस बंद करून तशीच वाफेवर ठेवा आणि काट्याने मोकळी करा. डावाने घोटू नका, लगदा तिथेच होतो.

आमटीला सुरणाच्या फोडी आमसुलाच्या पाण्यात मऊ शिजवून घ्या. त्यात नारळाचं दूध, आलं, ताजी कुटलेली मिरी, गूळ, मीठ. नारळाचं दूध घातल्यावर उकळू नका, फुटतं. वरून तूप-जिऱ्याची फोडणी. मिरचीच्या आधी आपल्याकडे तिखट म्हणजे मिरी, पिंपळी आणि आलंच होतं. तिखटपणा वेगळा लागतो, घशाशी उशिरा येतो.

गोड म्हणून शिंगाड्याच्या पिठाचा शिरा, तुपावर नीट भाजलेला.

वैद्यकशाखा

रेवाताईंच्या कृतीला एक पुरवणी. भगरीचं पीठ लागलं तर दुकानातलं सुटं आणू नका. दमट हवेत भगरीला आणि विशेषतः तिच्या पिठाला बुरशी लागते, त्यातून विषबाधा होते. महाशिवरात्र आणि नवरात्रात अशा बातम्या येतात आणि अन्न व औषध प्रशासन सणाआधी तशा सूचनाही काढतं. पाकीटबंद भगर घ्या, तारीख बघा, निवडून, धुऊन, वाळवून घरीच दळा आणि एका वेळेपुरतंच दळा. उलट्या, चक्कर, अंग थरथरणं असं काही झालं तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखान्यात जा.

हौशी

भगर, सुरण, आमसूल आजच आणून ठेवलं. शिंगाड्याचं पीठ इथे मिळत नाहीये. @तलावकाठ, तुमच्याकडून अख्खे वाळवलेले शिंगाडे पाठवणारं कोणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी घरी दळून घेईन.